साद घाला आणि गप्प बसा

अजून अंधार आहे. तुमची पाठ एका जुनाट ओकच्या बुंध्याला टेकली आहे, खाली गेल्या वर्षीचा ओला पाला, आणि ओहायो नदीवरून येणारा गारठा थेट गुडघ्यांत शिरतो आहे. साल १८१४, महिना एप्रिलचा. केंटकीतल्या हेंडरसन गावाच्या शेवटच्या कुंपणापासून तासभर चालून तुम्ही इथवर आलात. हाताच्या अंतरावर एक शिकारी बसला आहे. हरणाच्या कातड्याचा सदरा, मांडीवर ठासणीची बंदूक, गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेली हाडाची पोकळ नळी. रानटर्कीच्या पंखातलं हाड आहे ते. दोन्ही टोकं कापून, आतून कोरून, उकळून, घासून गुळगुळीत केलेलं. ही विद्या मुळात या जंगलांतल्या आदिवासींची. गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली.

शिकारी आधी नळीला हातही लावत नाही. तोंडाभोवती तळवे धरून तो घुबडासारखा घुमतो. आठ ठोके, शेवटचा खाली घरंगळत जाणारा. तो संपतो न संपतो तोच समोरच्या एका झाडाच्या शेंड्यातून आवाज फुटतो, घळघळघळघळ! छातीत धस्स होतं. हा नर. टर्की जमिनीवरचा पक्षी असला तरी त्याचा रातथारा उंच फांदीवर असतो. वसंतात त्याच्या अंगात इतकी मस्ती असते की घुबड घुमलं, कावळा ओरडला, ढग गडगडला, कशालाही तो न राहवून जबाब देतो. आता शिकाऱ्याला त्याचं झाड कळलं. त्याला मात्र तुमचा पत्ता नाही.

फटफटतं. पंखांचा फडफडाट होतो, धप्पकन काहीतरी जमिनीवर येतं. शिकारी नळी ओठांत धरतो. फुंकत नाही, हवा आत ओढतो. दुसऱ्या हाताची ओंजळ नळीच्या तोंडाशी उघडते, मिटते. याऽक... याऽक... याऽक. प्रत्येक सूर वरच्या पट्टीत सुरू होतो आणि मध्येच फुटून खरखरीत होतो. हुबेहूब मादी. तिकडून नर गरजतो. तुम्हाला वाटतं, आता पुन्हा, लवकर! पण शिकाऱ्याने नळी सदऱ्यात सोडूनही दिली. दोन्ही हात बंदुकीवर. तो गप्प.

नर पुन्हा गरजतो. पुन्हा. शिकारी ढिम्म.

या गप्प बसण्यातच सगळी विद्या आहे. रानात खरं काय घडतं? नर आपल्या जागी उभा राहून ओरडतो, पिसारा फुलवतो, आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी त्या नराकडे नेमकं उलटं मागतो आहे: तू इकडे ये. तुम्ही सारखी साद घालत राहिलात तर नर समजतो, ही आतुर झाली आहे, येतेच आहे. मग तो का हलेल? तो ऐटीत तिथेच उभा राहतो आणि सकाळ निघून जाते. एकदा नीट बोलून तुम्ही गप्प झालात की त्याच्या मनात चलबिचल सुरू होते. गेली की काय? दुसऱ्याबरोबर गेली? ही चलबिचल त्याला पावलापावलाने तुमच्याकडे आणते. आवाज काढायला महिनाभरात कोणीही शिकेल. काढलेला आवाज तिथेच सोडून देऊन हात आवरायला आयुष्य लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचे तितरपारधी साद वापरतात ती वेगळ्या तऱ्हेने. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फासे लावायचे. पिंजऱ्यातला नर ओरडला की त्या माळाचा धनी असलेला रानतितर तिरीमिरीत भांडायला येतो आणि अडकतो. तिथे राग कामाला येतो, इथे ओढ. राग आंधळा करतो, धावत आणतो. ओढीने येणारा पक्षी प्रत्येक झुडपाआड डोकावत येतो, आणि टर्कीची नजर अशी की तुमची पापणी लवली तरी त्याला दिसेल. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान जराशी वळवली की चारी दिशा त्याच्या.

कुठूनतरी श्‌ट् असा बारीक आवाज येतो आणि त्यामागून हूऽऽम. हा सूर इतका खालचा आहे की कानांपेक्षा बरगड्यांना आधी कळतो. पिसारा फुलवलेला नर तो काढतो, तेव्हा फार जवळ असतो. आणि दिसतोच. ब्राँझचा, तांब्याचा, हिरव्याचा झळाळ अंगावरून सरकतोय, छातीतून घोड्याच्या केसांसारखी दाढी लोंबतेय, पंखांची टोकं पाल्यावरून खरडत येतायत. झाडाआड डोकं गेलं त्या क्षणी शिकारी बंदूक उचलतो. डोकं बाहेर येतं. चाप, ठिणगी, धूर.

वीस पौंडांच्या वर भरेल. गावात याचं काय येईल? फारसं काही नाही. पंचवीस-तीस पौंडांचा उत्तम टर्की पाव डॉलरला गेला तरी विकणारा खूश. हे लिहून ठेवणारा माणूस याच हेंडरसनमध्ये दुकान चालवतोय, धंद्यापेक्षा जास्त वेळ पक्ष्यांमागे भटकतोय. जॉन जेम्स ऑड्युबॉन. पुढे तो ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ हा प्रचंड चित्रसंग्रह काढेल आणि त्यातलं पहिलंच चित्र रानटर्कीच्या नराचं असेल. पंखाच्या हाडातून हवा ओढून मादीचा आवाज काढण्याची ही रीत त्यानेही लिहून ठेवली आहे. त्याच्या घरी एक टर्की आहे, पिल्लू असल्यापासून वाढवलेला. तो छपरावर झोपतो, मनाला येईल तेव्हा रानात जातो. रानटी समजून कोणी मारू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाल फीत बांधली आहे. एकदा ऑड्युबॉन शिकारीला गेला असता कुत्रा एका टर्कीवर धावला. पक्षी जागचा हलेना, कुत्राही थबकला आणि मालकाकडे वळून पाहू लागला. दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं! पुढे कोणीतरी त्याला रानटी समजून मारलंच. फीत दिसली ती पक्षी पडल्यावर.

हाडाची नळी वापरणारा शिकारी एका सकाळी एक पक्षी मारतो. पण या जंगलांत दुसरीही रीत चालू आहे. ओंडक्यांचं बुटकं खुराडं बांधायचं, आत शिरायला जमिनीखालून चर खणायचा, चरात मका टाकायचा. टर्की खाली मान घालून मका टिपत आत जातात, आणि आत गेल्यावर वर बघत ओंडक्यांच्या फटींत वाट शोधत फिरतात. पायाजवळची वाट त्यांना दिसत नाही. ऑड्युबॉनने स्वतः अशा एका खुराड्याचा हिशोब ठेवला. दोन महिन्यांत ७६ पक्षी. इथे कसलं बोलणं आणि कसलं थांबणं.

आता ८३ वर्षं पुढे या. १८९७, आर्कान्सा राज्य, आर्कान्सा नदीकाठचं डार्डनेल गाव. हेन्री गिब्सन नावाच्या माणसाने लाकडी पेटीवजा वाद्याचं पेटंट घेतलं आहे. ते हातात घ्या. वीतभर लांब, मूठभर रुंद, वरून उघडी पेटी. बाजूच्या फळ्या पातळ. वर झाकण, एका टोकाला स्क्रूने सैल बसवलेलं, दुसऱ्या टोकाला धरायला दांडी. झाकणाच्या पोटावर खडू घासा. आता झाकण फळीच्या काठावरून आडवं ओढा, अगदी हलक्या हाताने. खडूमुळे लाकूड लाकडाला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. हे धरणं-सुटणं एका सेकंदात शेकडो वेळा होतं, फळी थरथरते आणि पेटीच्या पोकळीत तो थरथराट मोठा होऊन बाहेर पडतो. याऽक.

पहिल्याच प्रयत्नात! हाडाच्या नळीवर हा सूर काढायला ओठ सुजेपर्यंत घासावं लागतं. इथे दहा वर्षांचं पोरही काढेल. दुसरा प्रकार त्याहून साधा: हातात पाटीचा तुकडा, त्यावर लाकडी काडी तिरकी धरून लहानसा गोल काढायचा. आपण शाळेत पाटीवर पेन्सिल ओढताना ज्या आवाजाने दात शिवशिवायचे, त्याच जातीचा हा आवाज, फक्त वळण लावलेला. दव पडलं की खडू भिजतो आणि पेटी मुकी होते, म्हणून ती मेणकापडात गुंडाळून नेतात.

साद सोपी झाली आणि नेमके पक्षी संपत चालले. १८९७ मध्ये तुम्ही डार्डनेलच्या टेकड्यांत कान देऊन उभे राहिलात तर अजून उत्तर येतं. पण मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटचा रानटर्की १८५१ साली दिसला होता. ओहायोत १९०४ पर्यंत एकही उरणार नाही. ज्या जंगलांत ओक, बीच आणि चेस्टनटची फळं पाल्यात ढिगाने पडायची ती जंगलं शेतीसाठी तोडली गेली. उरलेले पक्षी बाजारासाठी, बाराही महिने, मादी उबवणीवर बसलेली असली तरी मारले गेले.

लुईझियानात एका माणसाला हे दिसत होतं. चार्ल्स जॉर्डन. आयुष्यभर टर्कीमागे हिंडलेला, हाडाची नळी आणि वेताची पेरं जोडून स्वतःचं वाद्य बनवणारा, त्या काळातला अवजड कॅमेरा घेऊन रानात पक्ष्यांचे फोटो काढणारा. एका खासगी शिकारक्षेत्राची राखण त्याच्याकडे होती. १९०९ साली चोरून शिकार करणाऱ्या एकाने त्याला गोळी घालून मारलं. त्याची टिपणं आणि फोटो एडवर्ड मॅकइल्हेनी यांनी विकत घेतले. टबॅस्को सॉस बनवणाऱ्या घराण्यातले हे गृहस्थ, पिसांच्या बाजारामुळे संपत आलेल्या बगळ्यांची वसाहत त्यांनी आपल्या जमिनीवर वाचवली होती. १९१४ साली त्यांनी जॉर्डनच्या सामग्रीवरून रानटर्की आणि त्याच्या शिकारीवर पुस्तक काढलं. टर्कीशी बोलायचं कसं हे शिकवणारं ते पुस्तक लोकांच्या हाती पडलं तेव्हा बोलायला टर्की शोधावे लागत होते.

१९३२ च्या एप्रिलमध्ये ओहायोच्या आग्नेय टेकड्यांत जाऊन बसा. पहाट तशीच, गारठा तोच. घुबडासारखं घुमा. दूरवर एक खरं घुबड उत्तर देतं, बाकी काही नाही. पेटी काढा, झाकण ओढा. आवाज उत्तम निघतो, दरीत जातो आणि परत येतो. समोरच्या उतारावर चेस्टनटची झाडं उभी आहेत, साल गळालेली, पांढरी, वाळलेली. आशियातून आलेली बुरशी १९०४ मध्ये न्यू यॉर्कला पहिल्यांदा दिसली आणि तीस वर्षांत तिने पूर्वेकडची चेस्टनटची जंगलं पोखरली. रानटर्की मुळात ३९ राज्यांत होता. १९२० पर्यंत त्यांतल्या १८ राज्यांतून तो नाहीसा झालेला आहे. तुम्ही पुन्हा साद घालता. वर सांगितलेला नियम इथे निकामी आहे, कारण गप्प बसून कोणाच्या मनात चलबिचल होणार?

त्याच टेकड्यांवर थोडं फिरा. मंदीत कर्जबाजारी झालेले शेतकरी शेतं टाकून निघून गेलेत. कुंपणं मोडली आहेत, मक्याच्या जागी झुडपं, झुडपांत ओकची पोरकी रोपं. रान परत यायला सुरुवात झाली आहे. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकन काँग्रेस पिटमन-रॉबर्टसन कायदा करील: बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा थेट वन्यजीवांसाठी राज्यांना. शिकाऱ्यांनी तो कर मागून घेतला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पैसा आला, पण पक्षी आणायचा कुठून? सरळ उपाय सुचला तो कोंबड्यांचा. अंडी उबवणी यंत्रात घाला, पिल्लं पिंजऱ्यात वाढवा, मोठी झाली की जंगलात सोडा. राज्याराज्यांनी वर्षानुवर्षं हे केलं. सोडलेले पक्षी कोल्ह्यांनी, रानमांजरांनी, हिवाळ्याने संपवले. काही तर माणूस दिसला की दाण्यासाठी जवळ यायचे. दिसायला टर्की, पण ससाणा घिरट्या घालत असताना दबून राहायचं, संध्याकाळी झाडावर चढायचं, कुठला आवाज ऐकला की पळायचं आणि कुठला ऐकला की धावत आईपाशी जायचं, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

आई हे कधीपासून दाखवते? त्यासाठी जरा पुढे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फ्लोरिडात डोकवा. जो हटो नावाचा निसर्गअभ्यासक उबवणी यंत्रासमोर बसला आहे. आत रानटर्कीची अंडी. तो अंड्यांशी बोलतोय, मादीच्या आवाजात, हलक्या आवाजात. टर्कीची अंडी उबायला २८ दिवस लागतात, आणि शेवटच्या दिवसांत आतलं पिल्लू बाहेरचा आवाज ऐकू शकतं. त्याच्या बोलण्याला अंड्यांतून बारीक चिवचिवीने उत्तर येतं. कवच फुटतं, ओलं पिल्लू डोकं उचलतं, हा बोलतो, ते त्याच्याकडे बघतं आणि टेबलावरून लडबडत त्याच्या चेहऱ्याला येऊन बिलगतं. त्यानंतर दीड वर्षाच्या आसपास हा माणूस त्या थव्याची आई होऊन रानात राहिला. त्याच्या ‘इल्युमिनेशन इन द फ्लॅटवुड्स’ या पुस्तकात तीसहून अधिक वेगवेगळे आवाज नोंदलेले आहेत. सापासाठी एक, आकाशातल्या शिकाऱ्यासाठी दुसरा. जी साद शिकारी झाडाखाली बसून घालतो तिचं मूळ इथे आहे, घरट्यात. आणि राज्यांच्या उबवणी यंत्रांतल्या हजारो अंड्यांशी त्या आधीच्या वर्षांत कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

म्हणजे रानातच वाढलेले पक्षी पकडून दुसऱ्या रानात न्यायला हवे होते. आणि हा पक्षी जिवंत पकडणं म्हणजे महाकठीण. आता पुन्हा मागे, १९५१ मध्ये या. साउथ कॅरोलायनाचं फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वन, चार्ल्स्टनच्या उत्तरेला. पानांनी झाकलेल्या आडोशात तुम्ही हरमन होलब्रुकच्या मागे दबून बसला आहात. सगळे त्याला डफ म्हणतात. समोरच्या मोकळ्या जागेत मका पसरलाय. मक्याच्या कडेला घडी घालून ठेवलेलं लांबलचक जाळं, वरून पाला टाकून लपवलेलं, आणि जाळ्याच्या कडांना बांधलेले जड गोळे लहान तोफांच्या नळ्यांत बसवलेले. पाणपक्षी पकडण्यासाठी काढलेली ही युक्ती टर्कीवर अजून कोणाला साधलेली नाही. पक्षी येतात. एक उभा राहून राखण करतो, बाकीचे खातात. होलब्रुक वाट बघतोय, सगळ्यांची डोकी एकदम खाली जाण्याची. डोकी खाली जातात. धडाम! जाळं डोक्यावरून झेपावतं, खाली येतं, आणि जाळ्याखाली पंखांचा नुसता धुमाकूळ. धावा! पंख मोडायच्या आत त्यांना सोडवायचंय.

अशा पकडलेल्या पक्ष्यांना खोक्यांत घालून ट्रकने नेलं आणि ओसाड टेकड्यांवर सोडलं. डझन-दोन डझन पक्षी एका खोऱ्याला पुरेसे ठरले. ओहायोत १९५६ पासून रानातून पकडलेले पक्षी सोडायला सुरुवात झाली. आज अलास्का वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात रानटर्की आहे, काही राज्यांत पूर्वी कधी नव्हता तिथेही, आणि एकूण संख्या साठ लाखांच्या आसपास.

आता आजच्या काळात या. जंगल तेच, फ्रान्सिस मॅरियन. १९८९ च्या ह्यूगो वादळाने इथली बहुतेक मोठी झाडं आडवी केली होती. आता पुन्हा पाइन उंच झालेत, दलदलीत सायप्रस उभे आहेत. शेजारी साठीची एक बाई, या रानात बापाचा हात धरून आलेली. डोक्यापासून पायापर्यंत पानांच्या नक्षीचे कपडे, चेहऱ्यावर जाळी. मांडीवर बारा बोअरची बंदूक. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. साद स्वतःच्या तोंडाने किंवा हातानेच घालायची. तिच्या टाळूला घोड्याच्या नालाच्या आकाराची पट्टी चिकटलेली आहे, मध्ये रबराचा पातळ पडदा ताणलेला. श्वास सोडला की पडदा थरथरतो. दोन्ही हात मोकळे.

निघताना तिने तुमच्या खिशातला लाल रुमाल काढून गाडीत ठेवायला लावला. “लाल नाही, पांढरं नाही, निळं नाही. मोजासुद्धा नाही.” कारण नराच्या डोक्याचे रंग नेमके हेच तीन, आणि या जंगलात तुमच्या खेरीज दुसरा कोणी बंदूक घेऊन बसलेला असेल तर झुडपात हललेला लाल ठिपका त्याला काय वाटेल?

हे रंग एका बादशहानेही टिपले होते. १६१२ च्या सुमाराला मुकर्रबखान जहांगीराच्या हुकमाने गोव्याला गेला आणि पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू, प्राणी विकत घेऊन आला. त्यात एक टर्की होता, मेक्सिकोतल्या पाळीव वंशाचा. पिसारा फुलवून नाचणारा हा पक्षी जहांगीराने इतका निरखला की आठवणींत त्याच्या डोक्या-मानेवर बदलत जाणारे रंग एकेक करून लिहिले: पोवळ्याचा लाल, कापसाचा पांढरा, पिरोजाचा निळा. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दरबारात ज्या रंगांनी बादशहा हरखला, त्या रंगांमुळे इथे माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून तिचा दुसरा नियम: “आवाज ऐकून त्याच्या दिशेने कधी सरपटत जायचं नाही. चांगली साद टर्कीला फसवते तशी माणसालाही फसवते.”

उजाडतं. सायप्रसच्या बाजूने नर गरजतो. ती तीन सूर काढते आणि थांबते. नर उत्तर देतो, जवळ येतो, आणि ऐंशी पावलांवर ठाण मांडतो. दहा मिनिटं. वीस. तेवढ्यात त्याच्या शेजारून दुसरा आवाज. खरी मादी. संपलं, तुम्हाला वाटतं. जिवंत मादी बाजूला असताना तो झुडपातल्या आवाजामागे कशाला येईल?

ती तुमच्याकडे न बघता पुटपुटते, “आता तिच्याशी भांडते.”

आणि इतका वेळ पाळलेला नियम ती सोडून देते. मादी चार सूर काढते, ही तेच चार सूर, तसेच, जरा मोठ्याने. मादी चिडून टक् टक् टकटक करते, ही तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्यावर चढते. मादी आवाज वाढवते, ही त्याहून वर. पेटीही उचलते, तोंडाने एक आणि हाताने दुसरी, दोन माद्या मिळून तिच्यावर तुटून पडल्यासारखं. तितरपारध्याचा राग शेवटी इथे कामाला आला! मादी तरातरा निघते, मान पुढे, थेट तुमच्या झाडाकडे, माझ्या जागेत बोलणारी तू कोण हे विचारायला. आणि नर, जो तुमच्यासाठी एक पाऊल टाकत नव्हता, तिच्या मागोमाग येतो.

मादी तुमच्या बुटापासून दोन हातांवरून जाते. श्वास धरा. तिची नजर तुमच्यावरून फिरते, थांबते, पुढे सरकते. नर चाळीस पावलांवर. पस्तीस. नर पिसारा मिटतो, मान ताणतो, डोकं एका क्षणात पांढऱ्याचं लाल होतं. बाई हलकेच एकच टक् काढते. तो जागच्या जागी थांबतो.

बार.

मादी ओरडत उडून जाते, सगळं रान जागं होतं, कावळे कालवा करतात. तुम्ही दोघं धावता. पंखांची तडफड थांबेपर्यंत बाई त्याच्या मानेवर पाय ठेवून उभी राहते, मग गुडघे टेकून त्याच्या पायाची नखी अंगठ्याने चाचपते. इंचाहून जास्त, टोकाला वळलेली; तीन वर्षांचा तरी असणार. “या वयाचे आता कमी दिसतात,” ती म्हणते. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गेली काही वर्षं संख्या पुन्हा घटते आहे. पिल्लं पुरेशी जगत नाहीत, आणि काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू करायला घेतला आहे, माद्यांना आधी अंडी घालू द्यावीत म्हणून. बाईला उशीर मान्य आहे. तिच्या मते तो आणखी आठवडाभर लांबवला तरी चालेल, आणि या बाबतीत ती गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांशी भांडली आहे.

खिशातून सरकारी टॅग काढून ती नराच्या पायाला अडकवते. पक्षी या जागेवरून हलवायच्या आधी हे व्हायलाच हवं. मग हातमोजा दातांनी ओढून काढते आणि फोन काढते. मारलेल्या प्रत्येक टर्कीची नोंद त्याच दिवशी राज्याच्या वन्यजीव विभागाकडे करायची असते. झाडांखाली रेंज नाही. ती फोन डोक्यावर धरून रस्त्याच्या दिशेने चालायला लागते आणि तुम्हाला ओरडून सांगते, “पाय धरून उचल त्याला, आणि अंगावर नारिंगी कापड टाक, लोक आहेत रानात!”